डोली खाली ठेवणारा

त्याच्या अंगाला खुरासणीच्या तेलाचा वास यायचा. हे आधी सांगतो, कारण त्या काळी आमच्या पाड्यात दुसऱ्या कुणाच्या अंगाला तेलाचा वास येत नसे. तेल दिव्यालाच पुरत नव्हतं, अंगाला कुठून येणार. आमच्या अंगाला वास धुराचा, घामाचा आणि पावसाळ्यात न वाळलेल्या लंगोटीचा. आणि हा माणूस, आमच्यासारखाच उघडा, आमच्यासारखाच अर्धपोटी, केस चापून विंचरून, कानामागे कुड्याचं फूल खोचून डोलीच्या दांड्याखाली येऊन उभा राहायचा. परक्याला वाटावं, हा डोली उचलायला नाही, डोलीत बसायला आलाय.

मी त्याला मामा म्हणायचो. माझ्या आईच्या गावचा म्हणून मामा, रक्ताचं नातं काही नव्हतं.

डोली म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. आता तिथून मोटार जाते आणि मोटारीतल्या पोरांना वाटतं, वाट पहिल्यापासून अशीच होती. जव्हारात तेव्हा राजाचं राज्य होतं. मानमोडीची साथ आली आणि घरंच्या घरं रिकामी झाली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. जव्हाराहून मोखाड्याकडे घाटाची पायवाट. बड्या माणसाला जायचं तर डोली. एक जाड दांडा, त्याला दोरांनी टांगलेली खुर्ची, खुर्चीत तो माणूस, आणि दांड्याखाली आम्ही चौघे, दोघे पुढं, दोघे मागं. पाटलाचा सांगावा यायचा, अमक्याला उचला. नाही म्हणायची सोय नव्हती. त्याला वेठ म्हणत. आमच्या पाड्यापासून घाट चढून पलीकडं उतरायचं, नदीपर्यंत खांदा आमचा. नदीच्या पलीकडून मोखाड्याच्या बाजूचे लोक घ्यायचे. त्याबद्दल कधी मूठभर मीठ मिळायचं, बाकी शिव्या.

मागच्या दोघांना पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. म्हणून पुढच्यानं सांगत जायचं. पुढं उजवीकडं मामा असायचा आणि मी त्याच्या बरोबर मागं. तो सांगायचा, "दगड. डावा सांभाळ. ओल आहा." आणि मध्येच, त्याच सुरात, आमच्या घरच्या बोलीत, "आज रेडा आहा रं. चारा दाबून खाल्ला आहा." हसू दाबून चढ चढणं फार कठीण, ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. एकदा खुर्चीतल्या साहेबानं विचारलं, "हा मघापासून काय म्हणतोय?" मी मागून सांगितलं, "वाट सांगतो, साहेब."

घाटाच्या अर्ध्यावर एक उंबर होता. त्याच्या बुडातून झरा निघायचा. तिथं आलं की मामा "हो" म्हणायचा आणि आम्ही डोली खाली ठेवायचो. आत कोण आहे याचा त्याला फरक पडत नसे. मग तो कुणाकडं बघायचा नाही. तोंड धुवायचा. मग पाय, बोटाबोटांतली माती काढून. कमरेला वाळक्या भोपळ्याचा एक लहान तुंबा होता, त्यातलं तेल तळहातावर घ्यायचा आणि टाचांच्या भेगांत सावकाश जिरवायचा. हाताला उरलेलं केसांना. मग लाकडी फणीनं केस विंचरायचे. मग नुसतं बसायचं. वर पाखरं उंबरं खात असायची, ती बघायची. एखादं पिकलेलं उंबर खाली पडलं तर उचलून, मुंग्या झटकून, तोंडात टाकायचं.

खुर्चीतला माणूस ओरडायचा. मामा म्हणायचा, "हा येळ माझा आहा." रागानं नाही. एखाद्यानं बांधावर उभं राहून सांगावं की हे खाचर माझं, तसं. मग मनासारखं बसून झालं की उठायचा, आणि असा चालायचा की मागं आमची धावपळ व्हायची. म्हणूनच खपून जायचं त्याचं. उतारावर त्याच्यासारखा खांदा दुसरा नव्हता. त्याच्या डोलीत बसलेली माणसं घाटात झोपायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा एक बाळंतीण बाई होती, ती तर उंबर जवळ येताच स्वतःच म्हणाली, "ठेवा रे बाबांनो, बसा जरा."

घरी तो याहून विचित्र होता. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीच्या एका कोपऱ्यात तो खुरासणी पेरायचा. त्याचं तेल लोक विकून मीठ-मिरची आणत. हा जव्हारच्या घाण्यावरून काढून आणलेलं तेल अंगाला लावायचा. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, सगळं गाव चिखलात कंबर वाकवून असायचं. भर दुपारी हा उठायचा, ओहोळावर जायचा, दगडाखालून चिंबोरी काढायचा, इरल्याच्या आडोशाला विस्तव करून भाजायचा आणि खडकावर बसून एकटा चोखत बसायचा.

मामी तिकडून खाचरातून ओरडायची. मामीचं तोंड म्हणजे कोयता. "बघा, बसला राजा. ह्याचा येळ कुठून येतो इचारा त्याला. माझ्या पाठीतून येतो."

"तू पण ये. बस," मामा म्हणायचा.

"मी बसले तं रोप कोण लावील? तुझा बा?"

मामा चिंबोरीची एक नांगी तिच्यासाठी पानात बांधून ठेवायचा, ती ती खायची, पण बोलणं थांबवायची नाही. मला मामीचं खरं वाटायचं. अजूनही वाटतं. त्या दिवसांत एक माणूस बसला म्हणजे दुसरं कुणीतरी दुप्पट वाकलेलं असायचंच.

बापाचं त्यानं मला एकदाच सांगितलं. पाऊस लागलेला, आम्ही ओट्यावर दोर वळत होतो. कुणी विचारलंही नव्हतं.

"माझा बा डोलीखाली गेला," तो म्हणाला. "चढावर त्याची छाती धरली. तो म्हणला, ठेवा जरा. वरचा माणूस म्हणला, नदीवर ठेवा. मग नदीवर ठेवली. डोली उतरली, बा पण उतरला."

मी म्हटलं, "तू होतास?"

"घरी होतो. आणला त्याला. आंघोळ घालायची म्हणून मी पाय धुवायला बसलो. भेगांतली माती निघंना. काडीनं काढली, तरी निघंना. किती वर्सांची माती ती." त्यानं दोराला पीळ दिला. "त्याला कवा बसलेला मी उजेडात बघितलाच नाय."

 नंतर चिंबोऱ्या यंदा कमी आहेत असं काहीतरी म्हणाला.

मग लाकडाचा एक शेट आला. खालच्या अंगाचा, रेल्वेच्या बाजूचा. मोखाड्याकडच्या एका रानाचा ठेका त्यानं घेतलेला, त्यामुळं सुगी आटोपली की त्याच्या खेपा सुरू व्हायच्या. अंगानं भरलेला, जिवाला जपणारा आणि कायम घाईत. बरोबर त्याचा मुकादम पायी चालायचा, हातात वेताची काठी.

पहिल्याच खेपेला मामानं उंबराखाली डोली ठेवली. मुकादम मागून धावत आला.

"ए, कुणी सांगितलं ठेवायला?"

"कुणी नाय."

"मग?"

"हा येळ माझा आहा," मामा पाय धूत म्हणाला. "तू पण बस. पाणी गार आहा."

मुकादमानं काठी उचलली. ती एकट्या मामावर थांबली नसती, चौघांवर आली असती. म्हणून मी पुढं झालो. उंबराच्या मुळांत गुडघ्याएवढा एक उभा धोंडा होता, त्याच्याकडं बोट दाखवलं. "मुकादम, तो वाघदेव आहा. इथं डोली टेकवल्याबिगर पुढं गेलं तं वाघ माग धरतो. आमचे म्हातारे सांगून गेले."

मुकादमाआधी शेटनं ऐकलं. खुर्चीतून खाली उतरला, डोक्यावरची पगडी काढली आणि धोंड्यासमोर हात जोडले. "आधी नाही का सांगायचं, मूर्खांनो," एवढंच म्हणाला. त्या दिवशी आम्ही चौघे मनसोक्त बसलो. माझ्या जोडीदारांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या खेपेआधी मी जाऊन धोंड्याला शेंदूर लावून आलो.

मामा खूश नव्हता. परतीच्या वाटेवर म्हणाला, "देव कशाला आणलास मध्ये?"

"काठी चुकली ना, मामा?"

"चुकली."

"पाय धुवायला मिळाले ना?"

"मिळाले."

"मग झालं तं."

"ते देवाच्या येळात धुतले," मामा म्हणाला. "माझा येळ कुठं राहिला?"

मला तो निव्वळ आडमुठा वाटला. मी स्वतः आडमुठा आहे, दुसऱ्यातला आडमुठेपणा मला लगेच ओळखू येतो. खोटं बोललो ते चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. चार पाठी वाचल्या.

पण देव वाढत गेला. शेटनं नारळ आणला. मग म्हणाला, देवाभोवती गवत माजलंय, काढा. काढलं. देव जमिनीवर बरा दिसत नाही, ओटा बांधा. दगड वाहिले, ओटा बांधला, आणि ते सगळं डोली खाली ठेवल्यावर, त्याच वेळात. मग झऱ्याचं पाणी आणून धोंडा धुवायचा, पानं झाडायची, आणि शेटचे हात जोडलेले असेपर्यंत आम्हीही हात जोडून उभं राहायचं. ते उरकलं की मुकादम म्हणायचा, "झाला देव. उचला." बसायचं राहून जायचं. पूर्वी उंबराखाली घाम वाळायचा, आता तिथंच जास्त फुटायचा. माझे जोडीदार माझ्याकडं बघायचे आणि मी झाडाकडं.

मामा तेवढा त्यात आला नाही. तो खाली, झऱ्याच्या वाहत्या अंगाला जाऊन आपले पाय धुवायचा. मुकादम दात खायचा. पण शेटला उतारावर मामाचाच खांदा हवा असायचा, म्हणून गप्प राहायचा.

राब भाजायचे, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचे दिवस आले. ऊन असं की वाटेवरचा दगड चटका द्यायचा. झरा बारीक झाला. खालचं पाणी आटलं आणि देवाच्या ओट्यालगत एवढंसं डबकं उरलं. त्या दिवशी शेट नारळ फोडत होता. मामा आला, ओट्याला टेकून बसला आणि त्या डबक्यात पाय सोडले.

"देवाच्या पाण्यात पाय?" मुकादम म्हणाला.

"ह्या पाण्यात मी पाय धुतो तो देव यायच्या आधीपासून," मामा म्हणाला.

शेट वळला. "काय म्हणाला हा?"

मामानं त्याच्याकडं सरळ बघितलं. "शेट, हा देव नाय. धोंडा आहा. आमचा वाघदेव तिकडं रानात आहा, त्याला आम्ही वर्साला कोंबडं देतो. ह्याला कवा कुणी काय दिलं नाय. इथं मी बसतो. पाय दुखतात म्हणून बसतो. येवढंच आहा."

शेटच्या हातात नारळाची वाटी तशीच राहिली. रागावलेला माणूस बरा. ज्याचं हसं झालं तो माणूस वाईट. इतक्या खेपा त्यानं त्या धोंड्यासमोर पगडी काढली होती.

"मग शेंदूर कुणी लावला?" त्यानं विचारलं.

 मुकादम एकेकाच्या तोंडासमोर जाऊन उभा राहू लागला.  तो माझ्यापर्यंत पोचायच्या आत मामा पाण्यातला पाय बाहेर काढत म्हणाला, "मी लावला. बसायला मिळावं म्हणून."

तो खोटं बोललेला मी तेवढा एकदा ऐकला.

त्याला तिथंच पाडलं. पाय वर घेऊन डोलीच्याच दांड्याला बांधले आणि मुकादमानं तळव्यांवर काठी चालवली. आम्हाला तिघांना उभं राहून बघायला लावलं. शेट पलीकडं तोंड करून बसला होता. मामा ओरडला नाही असं मी सांगणार नाही. ओरडला. माणूस होता.

मग मुकादम म्हणाला, "उचला." मामा उठला आणि त्यानं खांदा दिला. आम्ही म्हटलं, पडेल. पडला नाही. नदीपर्यंत तो नेहमीसारखा सांगत गेला. "दगड. डावा सांभाळ." मी मागं होतो. माझा पाय वारंवार ओलीवर पडत होता. ती ओल त्याच्याच पायांची होती, आणि तेवढी एक ओल तो सांगत नव्हता.

पावसाळा लागला. तळवे भरून यायचे, पुन्हा फुटायचे. पाला बांधला, भगत आणला, गूण येईना. डोली सुटली, शेतातलं काम सुटलं, तो ओट्यावर बसून राहायचा. आवणी मामीवर एकटीवर पडली. आमची रोपं लावून झाली की मी आणि माझी बायको तिच्या खाचरात हात लावायला जायचो, पण आमचंच उरकता उरकत नव्हतं.

एक दिवस दुपारी मी त्याच्याकडं गेलो. म्हटलं, आता याला वेळच वेळ आहे, तर निदान तेल लावून द्यावं. तुंब्यात थोडं होतं. तो म्हणाला, "वाटीत काढ. विस्तवावर जरा कोमट कर." मी केलं. वाटी त्यानं जवळ ठेवून घेतली आणि हात लावला नाही.

मामी पेज प्यायला आली. गुडघ्यापर्यंत चिखल. उभ्यानंच पेज पिऊन निघाली.

"बस," मामा म्हणाला.

"बसले तं खायला कोण घालील? उपटलेलं रोप सुकतं तिकडं."

"सुकू दे जरा. बस."

"आयुष्यभर बसलास तो बसलास, आता मला बसवतो." पण बसली. बहुतेक भांडायला बसली. त्यानं तिचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि पागोळ्यांच्या पाण्यानं धुवायला लागला. आवणीत बाईच्या बोटांची काय दशा होते ते ज्यानं बघितलं त्याला सांगायला नको. चिखल्यांनी कातडी पांढरी होऊन सुटलेली. तो एकेक बोट पुसत होता, तेल लावत होता, आणि ती शिव्या देत होती. त्याला, त्याच्या बापाला, शेटला, पावसाला. हळूहळू शिव्यांमध्ये अंतर पडू लागलं. मग कुडाला डोकं टेकून ती बसल्या बसल्या झोपली.

मी खाकरलो तेव्हा त्यानं हात वर केला. "उठवू नको."

त्याच्या स्वतःच्या पायांवर माशा बसत होत्या, पण मांडी हलेल म्हणून तो त्या हाकलत नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी असं चालायचं म्हणे. मामीनंच नंतर माझ्या बायकोला सांगितलं. रोपं काही सुकली नाहीत.

भात पोटरीत आलं तेव्हा त्याच्या जांघेत गाठ आली, अंग पेटलं आणि तो गेला. मामी फार रडली नाही. नागली निंदायला आली होती.

गावानं काय म्हणावं? देवाच्या पाण्यात पाय घातले, म्हणून पायच सडले. ज्यांनी मला धोंड्याला शेंदूर लावताना पाहिलं होतं तेही म्हणू लागले. मी सांगून बघितलं. मला म्हणाले, तू लावला असशील, देव नंतर आला असेल.  ही गोष्ट फिरत फिरत शेटपर्यंत गेली आणि ज्या धोंड्यानं त्याचं हसं झालं होतं त्याच्यावर त्याचा पहिल्यापेक्षा जास्त विश्वास बसला. सुगीनंतरच्या पहिल्या खेपेला त्यानं हुकूम केला. देव कडक आहे. तिथं डोली टेकवायची नाही, कुणी थांबायचं नाही, लांबून हात जोडायचे आणि चालायचं.

म्हणजे देव राहिला आणि बसणं गेलं.

त्या खेपेला पुढं उजवीकडं मी होतो. उंबर आला. शेटनं खुर्चीतूनच हात जोडले. मुकादम म्हणाला, "चला, चला." आम्ही चाललो. झरा पायाखालून गेला, पाणी बऱ्यापैकी होतं.  मागून माझ्या जोडीदारांच्या छातीचा भाता तेवढा ऐकू येत होता. त्यांच्यात एक नवा गडी होता, मामा गेल्यामुळं आलेला. मी त्यांना वाट सांगत होतो, दगड, खड्डा. आवाज मामासारखा निघत नव्हता.

उतार संपतो तिथं एक ओहोळ आडवा येतो. झाड नाही, सावली नाही, देव म्हणून दाखवावा असा एक धोंडा नाही. सगळे गोटे सारखे. वर ऊन. तिथं मी म्हटलं, "हो."

मी आधी कुणाशी काही बोललो नव्हतो. डोली एकट्याला ठेवता येत नाही. एक जण वाकला आणि तिघे ताठ राहिले तर आतला माणूस गडगडतो, आणि मग वाकणाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. मी गुडघा वाकवला. सगळा भार मानेवर आला, डोळ्यांपुढं काळं झालं. मग भार हलका झाला. मागचे दोघे वाकले होते. बाजूचाही वाकला.

मी दांडा सोडला आणि पाण्याकाठी बसलो.

मुकादम येऊन उभा राहिला. "आता इथं कुठला देव काढलास?"

"कुठलाच नाय," मी म्हटलं. "पाय धुतो."

काठी पडायची ती पडली. पण तोवर माझा एक पाय धुऊन झाला होता.